डाव्या बाजूला बसा

मास्तरांनी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि त्या पस्तीस वर्षांत एकच थाप मारली, पण ती दरवर्षी मारली. नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या घळीत, बाराही महिने वाहणारे पाच धबधबे आहेत. सातवीच्या पुस्तकात त्यांच्यावर दीड पान होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मास्तर ते दीड पान रंगवून शिकवत असताना मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, तुम्ही पाहिलेत?" मास्तर तेव्हा तेवीस वर्षांचे. समोर अठ्ठेचाळीस पोरं, त्यातली दोन-चार त्यांच्याहून उंच. "नाही" म्हणायला जे धैर्य लागतं ते त्या दिवशी त्यांच्याजवळ नव्हतं. "म्हणजे काय! कॉलेजात असताना गेलो होतो," असं ते बोलून गेले आणि कायमचे अडकले.

कारण थाप एकदा मारून भागत नाही, तिची देखभाल करावी लागते. दुसऱ्या वर्षी मास्तरांच्या चष्म्यावर तुषार उडाले. पाचव्या वर्षी ते शेवाळलेल्या खडकावरून घसरले. आठव्या वर्षी एका कोळ्यानं त्यांना कॉलर धरून वर ओढलं, आणि बाराव्या वर्षापासून तो कोळी बोलायलाही लागला. "मास्तर, नदी कुणाची ओळख ठेवत नाही," असं तो म्हणायचा. कॉलेजात शिकणाऱ्या पोराला कोळी मास्तर कसा म्हणेल, हे ना मास्तरांच्या ध्यानात आलं ना कधी पोरांच्या.

खरी गोष्ट अशी होती की मास्तरांना पाण्याची धास्ती होती. बादलीत मावणार नाही इतकं पाणी एका जागी दिसलं की ते दोन पावलं मागं सरायचे. जगातल्या झाडून सगळ्या नद्यांची लांबी त्यांना तोंडपाठ होती, पण गावच्या नदीवरचा पूल ओलांडताना ते मधोमध चालायचे.

लग्न झालं आणि थाप घरात राहायला आली. मास्तरीणबाई घरी शिवणकाम करायच्या. शाळांचे गणवेश त्यांच्याकडे यायचे, त्यामुळे सगळं जग सुट्टीवर असायचं तेव्हा त्यांच्या मशीनला उसंत नसायची. तरी दर उन्हाळ्यात एकदा, पायडल थांबवून, त्या म्हणायच्या, "अहो, या वर्षी तरी धबधबे बघून येऊ या का? एकाच दिवसाचा तर प्रश्न आहे." यावर मास्तर वर्तमानपत्रामागून उत्तर द्यायचे, "मी पाहिलेत गं. त्यात काय बघायचं? पाणी वरून खाली पडतं." ज्यानं पाहिलंय तोच असं म्हणतोय म्हटल्यावर बाईंनी मान खाली घालून पुन्हा पायडल मारावं. असे तेहतीस उन्हाळे गेले. आता बाईंचे गुडघे बोलायला लागले होते आणि मास्तर निवृत्त होऊन घरातल्या घरात भूगोल शिकवत होते.

आणि या उन्हाळ्यात जावयानं, कुणाला न विचारता, चौघांची तिकिटं काढून हातात ठेवली. मास्तर, मास्तरीणबाई, व्याहीबुवा आणि विहीणबाई. लाँचनं नदीतून वर जायचं, धबधबे बघायचे, वरच्या धक्क्यावर डबे खायचे आणि संध्याकाळच्या आत परत. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःसाठी नवा सुती ब्लाउज शिवला, आणि स्वतःसाठी काही शिवायची त्यांची वेळ किती वर्षांनी आली होती हे त्यांनाही आठवेना.

मास्तरांची मात्र झोप उडाली. पाण्याची भीती होतीच, पण तिच्याहून मोठी भीती व्याहीबुवांची होती. व्याहीबुवा रस्ते खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. खिशात कायम मोजपट्टी. मास्तरांच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाचा कप हातात असतानाच दाराची चौकट अर्ध्या इंचानं तिरकी आहे असं सांगून गेले, आणि त्या दिवसापासून मास्तरांना ती चौकट तिरकीच दिसत होती. अशा माणसासमोर कॉलर, कोळी आणि शेवाळ टिकणार कसं?

पण विचार करता करता मास्तरांना एक वाट दिसली. आज एकदा ते धबधबे या डोळ्यांनी पाहिले की झालं! मग "पाहिलेत" हे काही खोटं राहणार नाही. तारीख थोडी मागची-पुढची होईल, इतकंच. पस्तीस वर्षांचं ओझं एका दिवसात खाली ठेवता येईल, या कल्पनेनं त्यांना इतकं हलकं वाटलं की पाण्याची भीतीही त्यांनी पिशवीत डब्याखाली दाबून टाकली.

धक्क्यावर चाळीसेक माणसं जमली होती. लाँच लांबट, जुनी. दोन्ही कडांना एकेक लांब बाक, मधे इंजिनाची पेटी आणि तिच्यावर सगळ्यांच्या पिशव्यांचा ढीग, वर कापडाचं ठेंगणं छत. लाँच चालवणारा सारंग खांद्यावर टॉवेल टाकून दात कोरत उभा होता. तो म्हणाला, "बघायला आलेल्यांनी उजवीकडं बसा."

इथं गप्प बसले असते तर ते मास्तर कसले? पुस्तकातलं वाक्य त्यांच्या डोळ्यांसमोर ठळक अक्षरांत उभं राहिलं: 'हे पाचही धबधबे नदीच्या डाव्या तीरावर आहेत.' परीक्षेत हा प्रश्न हमखास असायचा, आणि उजवा लिहिणाऱ्या शेकडो पोरांचा एकेक मार्क मास्तरांनी निर्दयपणे कापला होता.

"उजवीकडे? छे!" मास्तर वर्गातल्या आवाजात म्हणाले. "धबधबे डाव्या तीरावर आहेत. डाव्या बाजूला बसा सगळे."

"मास्तर, हा माणूस रोज जातोय तिथं," व्याहीबुवा म्हणाले.

"रोज जाणारा रस्ता बघतो व्याहीबुवा, निसर्ग बघत नाही. मी स्वतः येऊन गेलोय. पस्तीस वर्षं शिकवलंय हे."

सारंगानं खांदे उडवले. "बसा मग," म्हणाला आणि दोर सोडायला गेला. त्याला भाडं दोन्ही बाजूंचं सारखंच मिळणार होतं.

मास्तरांच्या आवाजात अशी काही जरब होती की शिकली-सवरलेली, कडक इस्त्रीची सगळी मंडळी डाव्या बाकासाठी अक्षरशः तुटून पडली. एका बँकवाल्यानं रुमाल टाकून तीन जागा अडवल्या. एका बाईनं आपल्या नवऱ्याला कोपरानं उजवीकडे ढकलून स्वतः डावीकडे बूड टेकलं. मास्तरांनी मधली, अगदी मोक्याची जागा बाईंना दिली, शेजारी विहीणबाई आणि पलीकडे स्वतः. उशिरा आलेले, भिडस्त आणि सारंगावर विश्वास ठेवणारे असे वीस-एकवीस लोक नाइलाजानं उजवीकडे बसले. व्याहीबुवाही तिकडेच गेले. "मला काय, मी सावलीत बसतो," असं ते म्हणाले, पण ते केवळ मास्तरांचं ऐकायचं नाही म्हणून गेले होते हे सगळ्यांना कळलं.

दोन तास लाँच नदीतून वर जात होती. उन्हाळ्यानं नदी आकसलेली, दोन्हीकडे वाळू उघडी पडलेली. मास्तरांनी एका हातानं बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली, पण तोंड चालू होतं. डाव्या बाकाला त्यांनी नदीचा उगम सांगितला, गाळाचे प्रकार सांगितले, शेवटी लोकाग्रहास्तव कोळ्याची गोष्टही सांगितली. "कॉलर धरून ओढलं?" बँकवाल्यानं डोळे विस्फारले. "कॉलर धरून," मास्तर म्हणाले. बाई कौतुकानं ऐकत होत्या. त्यांनी ती गोष्ट किमान शंभरदा ऐकली होती, पण आज ती जागा प्रत्यक्ष बघायला मिळणार होती. "तो खडक दाखवा हं मला," त्या म्हणाल्या.

घळ आली. दोन्हीकडून काळे कडे चढत गेले आणि अंगाला गारवा लागला. सारंगानं इंजिन हळू केलं आणि ओरडून सांगितलं, "पाणी कमी आहे. बसल्या जागेवरून कुणी हलायचं नाही!"

डाव्या बाकानं एकजात मान वळवून डाव्या कड्याकडे डोळे लावले. कडा ओबडधोबड होता, काळा होता आणि ठणठणीत कोरडा होता. बँकवाल्यानं मोबाईल काढून तयार ठेवला. "आता येईल," मास्तर म्हणाले. एका ठिकाणी दगडातून थोडं पाणी पाझरत होतं. "हा पहिला का?" विहीणबाईंनी विचारलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती.

मग त्यांच्या पाठीमागून आवाज आला. आधी गडगडल्यासारखा, मग सगळी घळ भरून टाकणारा. त्याच्यावर उजव्या बाकाची एकच आरोळी उठली आणि सगळीच्या सगळी उजवी बाजू उभी राहिली. लाँच धाडकन एका अंगाला कलली. डावीकडची मंडळी उठायला लागली तसा सारंग जीव तोडून ओरडला, "डावीकडचे, खाली बसा! तुमच्या वजनावर उभी आहे लाँच! एक जण हलला तरी सगळे पाण्यात!"

आणि डावी बाजू बसली. वजन म्हणून बसली. वर ठेंगणं छत, मधे पिशव्यांचा डोंगर आणि पलीकडे उभ्या राहिलेल्या एकवीस पाठी. पाचही धबधबे सरेपर्यंत मास्तरांना या एकवीस पाठी सविस्तर बघायला मिळाल्या, त्यातली एक व्याहीबुवांची होती. "अरे वा! अरे वा वा!" असं ती पाठ म्हणत होती. मास्तरांच्या चष्म्यावर एक थेंब आला, तोही समोरच्या मुलीनं ओली ओढणी झटकली म्हणून. बाई मान या खांद्यावरून त्या खांद्यावर करत होत्या, दोन माणसांच्या मधून काही दिसतंय का बघत होत्या. एकदा त्यांना काहीतरी पांढरं दिसलं. तो कुणाचा तरी शर्ट होता.

"परत जाताना आपली बाजू येईल," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले. पण घळीत लाँच वळवायला जागा नव्हती. सारंगानं इंजिन उलटं टाकलं आणि लाँच आली तशी पाठीमागं सरकत बाहेर पडली. जाताना उजव्या बाकानं पाचही धबधबे उलट्या क्रमानं पुन्हा एकदा पाहिले.

घळीच्या तोंडाशीच डबे खायचा धक्का होता. लाँच लागताच जे व्हायचं ते झालं. बँकवाला तडक मास्तरांसमोर येऊन उभा राहिला. "डावीकडे बसा, डावीकडे बसा! कुठल्या डावीकडे हो?" मागून आणखी आवाज उठले. व्याहीबुवा ओल्या शर्टानं, ओल्या मिशांनी, प्रसन्न मुद्रेनं आले आणि म्हणाले, "मास्तर, पाच आहेत बरं का. मोजले मी. तिसरा सगळ्यांत उंच. पण तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर येऊन गेलाय. नाही का?"

ते 'नाही का' मास्तरांच्या बरोबर वर्मी लागलं. चाळीस माणसांसमोर आपण आता तोंडघशी पडणार हे त्यांना दिसत होतं. त्यांनी खाली बघितलं आणि वाळूत पडलेली एक काटकी उचलली. हातात खडूच्या जातीचं काही आलं की मास्तरांना वाचा फुटायची. काटकीनं त्यांनी वाळूत नदी काढली आणि ती काढता काढता, पस्तीस वर्षं स्वतःच घोकून घेतलेला नियम त्यांना आठवला. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सरळ झाल्या.

"नदीचा डावा तीर कसा ठरवतात?" त्यांनी विचारलं. "प्रवाहाच्या दिशेला तोंड करून! पाणी जिकडे वाहतं तिकडे बघत उभं राहायचं. मग डाव्या हाताला येतो तो डावा तीर. जगातल्या प्रत्येक नदीला हाच नियम आहे. आपण प्रवाहाच्या उलट आलो, म्हणून तुम्हाला तो उजवीकडे वाटला. धबधबे डाव्याच तीरावर आहेत. होते, आहेत आणि राहतील."

व्याहीबुवांनी मोजपट्टीच्या सवयीनं खात्री करून घेतली. ते नदीच्या खालच्या दिशेला तोंड करून उभे राहिले, डावा हात बाजूला काढला, मान मागं वळवून घळीकडे बघितलं आणि म्हणाले, "च्यायला, बरोबर आहे की!"

"पण मग आम्हाला सरळ उजवीकडे बसा म्हणायला काय झालं होतं?" बँकवाला अजून धुमसत होता.

"मी शास्त्रीय भाषेत बोललो," मास्तर म्हणाले.

शास्त्रीय म्हटल्यावर मंडळी वरमली. ज्यांचे धबधबे बुडाले होते त्यांनाच आता आपलं शिक्षण कमी पडलं असं वाटायला लागलं. एका बाईनं तर ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मास्तरांची मान पुन्हा ताठ झाली. इतकी मोठी चूक इतक्या थाटात अंगावरून झटकलेली त्या धक्क्यावर कुणी पाहिली नसेल.

मास्तरीणबाई मात्र काही लिहून घेत नव्हत्या. त्या डब्याचं झाकण हातात धरून तशाच बसल्या होत्या. मास्तर शेजारी येऊन टेकले तेव्हा त्यांनी हळू आवाजात विचारलं, "अहो, तुम्ही घसरलात तो खडक कुठं होता?"

"खडक? तो तिथं... आत. डावीकडे. म्हणजे, उजवीकडे."

"जो स्वतः आत जाऊन आलाय त्याला नियम कशाला लागेल? तो नुसता हात करून दाखवेल, इकडं बसा म्हणून."

मास्तरांनी डब्यात बघितलं. बाईंचा आवाज चढला नाही. "तेहतीस उन्हाळे, अहो. तेहतीस उन्हाळे मी त्या मशीनवर काढले. तुम्ही पाहिलंय, तुम्हाला परत कशाला त्रास, म्हणून. राग कशाचा आलाय माहिती आहे? थापेचा नाही. दोघांनी मिळून पहिल्यांदा बघितलं असतं की आपण."

मास्तरांना काही तरी बोलायचं होतं. खरं म्हणजे सगळंच बोलायचं होतं. पण तेवढ्यात सारंगानं भोंगा वाजवला. "डावीकडच्यांनी चला! तुम्हाला पुन्हा आत नेऊन आणतो. अर्धे इकडं, अर्धे तिकडं बसा, सगळ्यांना दिसेल. जास्तीचे पैसे नकोत. पण या खेपेला कुणी शास्त्रीय बोलायचं नाही."

सगळे हसत धावले. विहीणबाईंनी बाईंचा हात धरून त्यांना फळीवरून आत नेलं. मास्तरही उठले. जागा होती, लाँच होती, धबधबे दहा मिनिटांवर होते. मास्तरांनी एक पाय फळीवर ठेवला.

"अहो मास्तर!" मागून व्याहीबुवांनी हाक मारली. चेष्टेचाच सूर होता, पण धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा. "तुम्ही कुठं निघालात? तुम्ही तर पाहिलेत ना? की पाहिलेच नाहीत?"

उजव्या बाकाच्या बाकीच्या वीस माणसांनी डब्यातून माना वर केल्या.

लाँचमध्ये बाईंनी शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. "यायचंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "काही सांगत बसू नका कुणाला. नुसतं हो म्हणा आणि या."

हो हे अक्षर एक. पस्तीस वर्षांपूर्वी नको तिथं मास्तर ते क्षणात बोलून गेले होते. आता ते जिभेच्या टोकाशी येऊन थांबलं. मास्तरांनी बाईंकडे बघितलं, व्याहीबुवांकडे बघितलं, वाळूत काढलेल्या नदीकडे बघितलं. मग त्यांनी फळीवरचा पाय मागं घेतला. "जा तू," ते म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं पुढं म्हणाले, "मला काय नवीन आहे त्यात?"

बाईंनी मांडीवरची पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली आणि तोंड पुढं केलं. लाँच सुटली.

व्याहीबुवा मास्तरांजवळ आले. माणूस तसा मनानं वाईट नव्हता, आणि आज तर त्यांना मास्तरांबद्दल खराच आदर वाटायला लागला होता. "मास्तर, ते डाव्या तीराचं परत एकदा सांगा ना. या मंडळींनी मघाशी नीट ऐकलं नाही." हात धुऊन, पदराला, टॉवेलाला पुसत उजव्या बाकाचे लोक भोवती जमले. मास्तरांनी काटकी उचलली. "आधी प्रवाहाकडे तोंड करा," ते म्हणाले. सगळे नदीच्या खालच्या दिशेला वळले आणि मास्तरही वळले.

त्यांच्या पाठीमागं, घळीत, लाँचचं इंजिन थांबलं. मग वीस माणसांची आरोळी आली आणि तिच्यातून एक हसू वेगळं निघून वर गेलं, मोठं, खळखळून, न थांबणारं. मास्तरांनी ते लगेच ओळखलं नाही, कारण घरी त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. मग ओळखलं. मागं वळावं, पाण्यातून धावत जावं, मी कधीच पाहिलं नाही गं म्हणून ओरडावं, असं त्यांना फार फार वाटलं.

"मग पुढं, मास्तर?" व्याहीबुवांनी विचारलं.

मास्तरांनी घसा साफ केला. "आता प्रत्येकानं आपला डावा हात वर करा," ते म्हणाले. एकवीस माणसांनी धबधब्यांकडे पाठ करून डावे हात वर केले, आणि कुणाचं चुकलंय का हे बघत मास्तर त्यांच्या पुढून फिरले.